कापलेल्या जागा

काचीगुडा, ३ फेब्रुवारी

अक्का,

जय भीम. तुझा पत्ता फरहाना आपांनी दिला. तुला न विचारता दिला, हे त्यांनीच तुला कळवायला सांगितलं, म्हणून कळवते आहे. तुझा जुना नंबर आता कुणा ट्रॅक्टरवाल्याकडे आहे. तो सभ्यपणे बोलला.

कागदावर लिहिण्याला कारण आहे. आदर्श कुकटपल्लीहून आला की समोर पडलेलं काहीही उचलून वाचतो. मराठी असेल तर दोन ओळींत दमतो आणि ठेवून देतो. नांदेडच्या तुझ्या वसतिगृहात पत्रं परस्पर उघडत नसतील असं गृहीत धरते.

आधी मुद्दा. बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. दिवाळीपासून आवाज बसला होता. विहारात वंदना सांगताना मध्येच नुसती हवा यायची, मागचे लोक पुढे म्हणत राहायचे. बाबा ज्येष्ठमध चघळत राहिले. आता सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. ऑपरेशन चोवीस तारखेला, तुझ्याच जुन्या हॉस्पिटलात. गाठ पूर्ण निघेल असं डॉक्टर म्हणतात. रिपोर्ट मी स्वतः वाचले आहेत, मलाही तसंच दिसतं. मात्र स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला कायमचं भोक ठेवतात, श्वास तिथून. त्यानंतर बाबा बोलू शकणार नाहीत. पुढे काही जण यंत्र लावून थोडं बोलतात, काहींना ते जमत नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही. साधी गाठ आहे, काढली की आवाज मोकळा होईल, एवढंच त्यांना सांगितलं आहे. हे आदर्शने ठरवलं. घरात सर्वांत लहान तो, पण डॉक्टरांनी दाराबाहेर येऊन "बेटा कौन है?" विचारलं आणि तो पुढे झाला. फाइल माझ्या हातात होती.

मी त्याला म्हटलं, "आवाज त्यांचा आहे. त्यांना कळायला हवं."

"लाइट ले, श्रुती, एवढं मनावर घेऊ नको. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. आधी सांगितलं तर ते टेबलावर चढणारच नाहीत. आईचं विसरलीस?"

विसरले नाही.

भरती होण्याच्या दिवशी बाबांची सही घेतील. कागद इंग्रजीत असतो. आदर्श बोट ठेवेल तिथे ते सही करतील.

माझा प्रश्न कामाचा आहे. त्या हॉस्पिटलात सोशल वर्कर म्हणून तू हे इतकी वर्षं केलंस. माणसाला असं कसं सांगतात? पुस्तकात पायऱ्या दिल्या आहेत, त्या मी वाचल्या. मला पुस्तकात नसलेलं हवं आहे. नातं बाजूला ठेवून उत्तर दिलंस तरी चालेल.

श्रुती


काचीगुडा, ९ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर नाही. पत्राची पोच मिळाली. सही तुझीच आहे, शेवटची रेघ तू अजून तशीच खाली ओढतेस.

फरहाना आपांपर्यंत मी कशी पोहोचले, असा प्रश्न तुला पडला असेल. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मी सोडली. आता विद्यापीठात पीएचडी करते. सोशल वर्कर कसे घडतात, कसे टिकतात आणि कशामुळे सोडून जातात, हा विषय. पद्धत अशी की त्यांच्यात जाऊन बसायचं, परवानगी घेऊन मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, उरलेल्या वेळात वाचायचं. आदर्शच्या मते मी चांगला पगार सोडून लोकांच्या रडण्याला मार्क देते. बाबा विहारात सांगतात, "धाकटी पुस्तक लिहायलीय." कशाबद्दल ते सांगत नाहीत.

तुझ्या जुन्या खोलीत आता आपा बसतात, आठवड्यातून तीन दिवस मीही बसते. टेबल तेच आहे म्हणतात, एका पायाखाली पुठ्ठा. आपांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. आडनाव सांगण्याआधी म्हणाल्या, "नाक तो रेणुका का है. मुस्कुराना कहाँ भूल के आए?"

वाचलेल्या पुस्तकांत समाजकार्याचा सगळा इतिहास आहे. त्या खोलीसमोर सकाळी रांग का लागते आणि संध्याकाळी आपांच्या पायांना सूज का येते, ते त्यात नाही. करार अकरा महिन्यांचा, मग एक दिवस बेकार, मग पुन्हा अकरा महिने. दर वेळी आपा त्या एका दिवशीही येऊन बसतात. मी कारण विचारलं. "बीमाराँ को मालूम क्या, आज मैं नौकरी में नहीं हूँ बोलके?" लोक त्यांना काय समजतात हेही विचारलं. "कंबल बाँटने वाली. शादी में जाऊँ तो पूछते, आपा, एक्स्ट्रा कंबल है क्या?" त्या हसल्या, आणि मग टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ तशाच राहिल्या. मी वहीत 'थकवा' असं लिहिलं. माझ्या वहीत तो शब्द फार वेळा येतो. सरांनी सुचवलं आहे की दुसरा शोधावा.

आता आईबद्दल. तुझी गोष्ट आपल्या घरात कशी सांगतात ते तुला ठाऊक असेल, तरी नोंद म्हणून लिहिते. रेणुकाने वॉर्डात जाऊन आईला सांगून टाकलं, आई खचली, तिने औषधं बंद करायला लावली आणि महिन्याच्या आत गेली. बाबा हे एकाच वाक्यात म्हणतात, "थोरलीनं सांगितलं आन् माणूस गेलं." हे मी पाच वर्षं ऐकते आहे. तपासून पाहायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून मागच्या महिन्यात मुलाखतीत मी आपांना विचारलं. आईची केस त्यांच्याकडे होती, नातेवाइकाची केस स्वतःकडे घ्यायची नाही हा तुमचा नियम. त्या दिवशी त्या खाटेजवळ होत्या, तू मुलगी म्हणून बसली होतीस. माझ्याकडे उतरवलेलं आहे ते असं:

"अम्मा पूछे, मैं बचूँगी क्या? रेणुका बोली, तुमकू क्या लगता, अम्मा? फिर रेणुका ऐसा बैठी. अम्मा बोले, नहीं बचती. रेणुका बोली, हौ."

वाचायला काहीच वेळ लागत नाही. विचारलं, उलट विचारलं, सांगून टाकलं. म्हणजे घरातली गोष्ट बरोबरच आहे असं मला वाटलं. राग आला नाही. उठून चहा करायचा होता, तेवढंही झालं नाही.

पंधरा दिवस उरले आहेत. बाबांचा आवाज आज बरा होता. दूधवाल्याशी भांडले.

श्रुती


काचीगुडा, १४ फेब्रुवारी

अक्का,

मागच्या पत्रातला एक निष्कर्ष मागे घ्यायचा आहे.

मुलाखत ऐकून उतरवायला मूळ मुलाखतीच्या कितीतरी पट वेळ जातो. तो वेळ वाचावा म्हणून मी सुरुवातीलाच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. ध्वनिमुद्रणात जिथे कुणी बोलत नाही ती जागा तो कापून टाकतो आणि दोन्हीकडचं बोलणं जोडून देतो. टेस्टिंगमध्ये आमची सवय तीच, जिथे काही घडत नाही ते नोंदीतून काढायचं. फाइल लहान व्हायची, काम लवकर व्हायचं. बरोबरच्या दोघांनी तो माझ्याकडून मागून नेला.

परवा एकनाथराव सरांनी बोलावलं. हे माझे गाइड, मूळचे बिदरचे, मराठी बोलायला मिळालं की खूश असतात. उतरवलेल्या मुलाखतींचा गठ्ठा त्यांच्यासमोर होता.

"श्रुतीबाई, ही माणसं सोशल वर्कर आहेत की लिलाववाली?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाला दमच नाही. बाईचं मूल गेलं, पुढच्या ओळीत रेशन कार्ड. असं बोलतं का कुणी?"

मी प्रोग्रामचं सांगितलं. थोडं अभिमानानेच सांगितलं असेन. त्यांनी चष्मा काढून गठ्ठ्यावर ठेवला.

"मूळ फाइली आहेत, की त्याही उडवल्या?"

"आहेत."

"मग जा आणि ऐका. मला नका सांगू काय ऐकलं ते. आधी ऐका."

आपांची फाइल मी पहिली लावली. "तुमकू क्या लगता, अम्मा?" तिथवर माझ्या कागदासारखीच आहे. मग आपा म्हणतात, "फिर रेणुका ऐसा बैठी." आणि गप्प होतात.

'ऐसा' म्हणजे खाटेवर, टेकून, असं काहीतरी मी समजून चालले होते. तसं नव्हतं. तू कशी बसलीस ते आपा मला बसून दाखवत होत्या. फाइलमध्ये पंखा ऐकू येतो. बाहेरून स्ट्रेचर जातं, त्याचं एक चाक कुरकुरतं. कुणीतरी दार उघडून "मॅडम" म्हणतं आणि परत लावून घेतं. माझ्या पेनाचं टोपण लावल्याचा आवाज येतो. तो दिवस मला आठवतो. आपांचा धागा तुटला असं वाटून मी पुढचा प्रश्न जुळवत होते, आणि त्यांचा हात वर झाला होता, थांब म्हणून. मी थांबले, पण नुसती सभ्यपणाने.

कितीतरी वेळाने त्या म्हणतात, "अम्मा बोले, नहीं बचती." आणि पुन्हा तसंच. तेही सगळं बसून दाखवलं आहे त्यांनी. मग प्रोग्रामला शांतता वाटावी इतका आवाज खाली आणून, "मैं रेणुका के पीठ पे हाथ रखी. लकड़ी के जैसी थी." आणि पुन्हा मोठ्याने, "रेणुका बोली, हौ."

अख्ख्या मुलाखतीत तेवढ्याच ठिकाणी आपा मला काम करून दाखवत होत्या. तेवढंच प्रोग्रामने काढून टाकलं होतं.

मग बाकीच्याही फाइली काढल्या. कुकटपल्लीच्या बालगृहातली बाई, सिकंदराबादचा व्यसनमुक्तीवाला, सगळ्यांच्या. मूल गेलेल्या बाईची गोष्ट आणि रेशन कार्ड यांच्या मध्ये सांगणारीचा श्वास आहे, नाक पुसणं आहे, पाण्याची बाटली उघडणं आहे. सगळं पुन्हा उतरवावं लागणार. हे वर्ष गेलं.

तर, तू आईला सांगितलं नाहीस. तिने सांगितलं आणि तू हो म्हणालीस. हे मी घरात अजून बोलले नाही.

काल आदर्शला फोन केला. "भरती व्हायच्या आधी मी बाबांना विचारणार आहे."

"सांगणार?"

"विचारणार."

"तुझा रिसर्च होईल आणि माझा बाप जाईल." त्याने फोन ठेवला. तो वाईट नाही. रोज ऑफिसमधून निघताना मोसंबी आणतो. घरात आता पिशवीभर मोसंबी आहेत, कुणी खात नाही.

पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, ते आपांकडून मिळालं. तू यावंस की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तो मी विचारत नाही.

श्रुती


काचीगुडा, १८ फेब्रुवारी

अक्का,

आज सकाळी बाबांशी बोलले.

ते गॅलरीत कुकरचा दांडा बसवत होते. वर्कशॉपमधून निवृत्त झाले तरी त्यांच्या हाताला स्क्रू लागतोच. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बाबा, तुमच्या घशाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. मी काही बोलले नाही. हे लिहायला सोपं आहे. तोंडात चार वाक्यं तयार असतात आणि ती गिळायची असतात. त्यांनी स्क्रू घट्ट केला, ढिला केला, पुन्हा घट्ट केला.

"काय बघायलीस? बारका डायवर दे."

मी दिला.

"सादी गाठ असती तर आदर्शानं एवढ्या मोसंब्या आणल्या नसत्या." आवाज खरडत होता. "क्यान्सर हाय."

"हो."

"निघंल का?"

"पूर्ण निघेल म्हणतात. मलाही तसंच वाटतं."

"मग तुमी समदे कामून असे मेल्यावानी तोंडं करून फिरायलाव?"

मी पुन्हा गप्प बसले. खाली भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला. बाबांनी डायवर ठेवला आणि दोन बोटं गळ्यावर लावली, आवाज जिथे थरथरतो तिथे.

"हेच काढतेत का?"

"हो."

"मग बोलायचं?"

"ते जाईल, बाबा."

ते उठून आत गेले. मला वाटलं, संपलं, आदर्श बरोबर होता. आतून नळाचा आवाज आला. ते कुकरमध्ये पाणी भरून आले, दांडा धरून उचलून बघितला, गळतंय का तपासलं. मग बसले.

"थोरलीनं पारूला असंच इचारलं होतं का?"

आईला, पार्वतीला, पारू म्हटलेलं मी पाच वर्षांत घरात ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला कळायला क्षणभर लागला. मी म्हटलं, "हो. फरहाना आपा तिथे होत्या. आई स्वतः म्हणाली. अक्का फक्त हो म्हणाली."

बाबांनी कुकर दोन्ही हातांनी बाजूला सरकवला.

"मी तिला इचारलंच नाही, पारू आनखी काय म्हनली. नको-नको ते बोलून घेतलं तिला. वॉर्डात, समद्यांसमोर." मग म्हणाले, "लाव फोन."

"तिचा नंबर नाही."

"मग लिही. नाई, थांब. इचारायचं ते नको लिहू. मला माझ्या तोंडानं इचारायचंय. चोईसच्या आत ये म्हन, एवढंच लिही."

एवढंच लिहिते आहे. बाकीचं माझ्याकडून वाढलं.

संध्याकाळी आदर्श मोसंबी घेऊन आला. बाबा दारातच म्हणाले, "या, डाक्टरसाब. कापायला मी तयार हाव. पर सही मी करनार, वाचून घेऊन. धाकटी वाचून दाखवील." आदर्शने माझ्याकडे पाहिलं, पिशवी ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बराच वेळ सोडला. बाबा मला म्हणाले, "पानी वाया घालवायलंय येडं. बोलू नको त्याला काई."

नांदेडहून काचीगुड्याला थेट गाडी आहे, ते तुला मी सांगायला नको. हे पत्र स्पीड पोस्टने जातं आहे, आणि आपांनाही तुझ्या वसतिगृहात फोन करायला सांगितलं आहे. तू येणार नसशील तर तसं कळव. बाबा दाराकडे बघत बसतील, आणि ते मला बघत बसावं लागेल.

श्रुती


काचीगुडा, २६ मार्च

अक्का,

बाबांना घरी आणलं. गळ्याची नळी स्वच्छ करायला हॉस्पिटलात शिकवलं. मला ते जमलं नाही, आदर्शला जमलं. तो आता रोज कुकटपल्लीहून पहाटे येतो, नळी साफ करतो आणि मग ऑफिसला जातो. बाबांनी पाटीवर लिहून त्याला हुद्दा दिला आहे, 'फिटर'.

पाटीने एक अडचण केली आहे. बाबा मराठीत लिहितात आणि मी घरी नसले की आदर्शला ते वाचावं लागतं. तो अक्षराला अक्षर लावतो. चुकला की बाबा खडूने पाटीवर ठोकतात. काल त्याने 'भाकरी कडक आहे' हे पूर्ण वाक्य एका दमात वाचलं आणि दोघेही माझ्याकडे बघायला लागले, जणू मी मार्क देणार. म्हणजे यापुढे तुझ्या नावचं पत्र मला टेबलावर ठेवता येणार नाही.

पाच वर्षांनी या घरात आलीस आणि चपला बाहेर, जिन्यात काढल्यास. पाहुणे काढतात तिथे. मी त्या आत घेतल्या, ते तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. आपण दोघी फारसं बोललो नाही. तू म्हणालीस, चहात साखर जास्त आहे. होती.

रविवारी बाबांना विहारात नेलं. ते आपल्या जागी पुढे बसले. वंदना हिम्मतराव काकांनी सांगितली. बाबांचे ओठ हलत होते. मागच्या बायकांपैकी एक रडायला लागली, तेव्हा बाबांनी मागे वळून असं पाहिलं की ती गप्प झाली. नजर शाबूत आहे.

सोबत पेनड्राइव्ह आहे. तू आलीस त्या दुपारी बाबांनीच मला रेकॉर्डर ठेवायला सांगितला होता, "आवाज ऱ्हाऊ दे घरात." तू मान हलवलीस, ती मी संमती धरली. मी तो तुमच्या मध्ये ठेवला, दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा धुतलेला होता, आणि बाबा झोपले होते, तुझी ओढणी त्यांच्या मुठीत होती.

नीट मुद्रित झालं आहे का, तेवढं तपासायला मी सुरुवात ऐकली. बाबा विचारतात, "पारू काय म्हनली होती?" त्यानंतर पंखा आहे. तू बोलत नाहीस, तेही बोलत नाहीत. मी तिथेच बंद केलं. पुढचं ऐकायचं असेल तर तुम्हा दोघांपैकी कुणीतरी मला बोलवायला हवं. बाबांना विचारलं, त्यांनी पाटीवर लिहिलं, 'थोरलीला इचार.' विचारते आहे. घाई नाही.

प्रबंधात हे येणार नाही.

फाइल मोठी आहे. त्यात बोलणं किती आहे, मला माहीत नाही. आहे तशी पाठवते आहे, कुठे काही कापलेलं नाही.

श्रुती